पाच कुलपांचं राज्य

मूठभर लोकांनी सगळ्यांवर चालवलेलं राज्य फार काळ टिकत नाही, असं राज्यशास्त्र सांगतं. त्या शास्त्राविषयी पूर्ण आदर राखून मला नमूद करावंसं वाटतं की आमच्या आळीत असं राज्य पिढ्यानपिढ्या टिकून आहे. पाच घरं राज्य करतात. प्रत्येक निर्णय एकमताने होतो. फाटाफूट नाही, पक्षांतर नाही, रुसवेफुगवे नाहीत. अलीकडे तर एकमताची अडचण मुळीच येत नाही, कारण घरं पाच असली तरी त्या पाचांत मिळून कारभारी एकच उरलेला आहे. त्यांचं नाव जनूभाऊ.

जनूभाऊंना राज्य करताना पाहायचं असेल तर कोठी उघडायच्या दिवशी यावं. कोठी म्हणजे देवळामागची कौलारू खोली. तिच्यात आळीचे तांब्याचे टोप ठेवलेले असतात. लग्नाच्या पंगतीचा भात एका खेपेला शिजेल एवढाले टोप, शिवाय पराती, झारे, कढया. दाराला आडवी लोखंडी पट्टी आहे आणि त्या पट्टीवर एका ओळीत पाच कुलपं. एकेका घराकडे एकेका कुलपाची किल्ली. पाचही घरं राजी झाली तरच दार उघडतं. एक जरी अडलं, तरी टोप आत आणि वरात बाहेर.

जनूभाऊ इस्त्रीची टोपी घालून येतात. पहिलं कुलूप त्यांच्याच घराचं, मानाचं. ते उघडून झालं की ते चालत समोरच्या फणसाच्या झाडापर्यंत जातात, तिथे वळतात आणि खोकत खोकत परत येतात. हे झाले आबा, दुसऱ्या घरचे. आबा सगळं कुटुंब घेऊन वसईला राहायला गेले त्याला बरीच वर्षं झाली. आबांचं कुलूप उघडतं. पुन्हा फणस. या वेळी मान ताठ, हात पाठीमागे. हे गुरुजी, आता पुण्याला लेकीकडे असतात. "माझी हरकत नसावी," असं शुद्ध बोलून ते तिसरं कुलूप काढतात. मग जनूभाऊ खांद्यावरचा पंचा डोक्यावरून पदरासारखा घेतात. ही चौथ्या घरची काशीवैनी, देवाघरी गेलेली. तिला टोपांना पोचे पडायची भारी धास्ती. "नीट उचला रे, आपटू नका," असं बारीक आवाजात बजावून तीही आपलं कुलूप उघडते.

पाचवं घर दत्तूभाऊंचं. दत्तूभाऊ हयात असताना किल्ली घरी विसरून यायचे. म्हणून जनूभाऊ कोठीपासून चालत आपल्या घरी जातात, थोडा वेळ थांबतात आणि धापा टाकत परत येतात. किल्ली सगळा वेळ त्यांच्या खिशात असते.

एकदा बोईसरचा एक टेम्पोवाला भांडी न्यायला आला होता. हा सगळा सोहळा त्याने गाडीला टेकून शांतपणे पाहिला. शेवटी म्हणाला, "चाचा, बाकी चार आदमी कब आएँगे?"

"आ के गए ना," जनूभाऊ म्हणाले. "तुमारा ध्यान किधर हाय?"

मी या गावचा जावई. सासऱ्यांच्या वाडीला लागून घर बांधलं आणि इथलाच झालो. बोईसरच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतो. जावई म्हणून आळीत मला मान आहे, मत नाही. त्यामुळे या राजवटीकडे मी निःपक्षपातीपणे पाहू शकतो. मुलांना मी शिकवतो की एकाचं राज्य असतं, थोड्यांचं असतं, सगळ्यांचं असतं. आणि थोड्यांचं राज्य सगळ्यांच्या भल्याचं असेल तर त्याला एक नाव, नुसतं त्या थोड्यांच्याच भल्याचं असेल तर दुसरं. एका संध्याकाळी मी जनूभाऊंना विचारलं, तुमचं यातलं कुठलं?

त्यांनी पानाला चुना लावला. "टोपात काय शिजतंय नि कोणासाठी, त्यावर हाय ते, मास्तर."

मुलांना जिवंत उदाहरण दाखवावं म्हणून मी त्यांना एकदा कॉलेजात नेलं. एका मुलीने विचारलं, "काका, तुम्ही किती मतांनी निवडून आलात?"

"निवडून?" जनूभाऊ दुखावले. "आमी काय ग्रामपंचायत हाय?"

ग्रामपंचायतीबद्दल त्यांच्या मनात राग नाही. नवीन पिढीचा छंद म्हणून ते तिच्याकडे पाहतात. आमच्या सरपंच बाई तरुण आणि कामसू आहेत. त्या एकदा त्यांना म्हणाल्या, "भाऊ, पाच पाच कुलपं कशाला? एकच चांगलं लावू या, नंबरचं."

"एक कुलूप म्हणजे राजेशाही, बाय."

"आणि कुलूपच नको म्हटलं तर?"

"ती लोकशाही. सकाळी टोप नसतात."

सरपंच बाईंनी हा विनोद म्हणून घेतला. जनूभाऊ विनोद करत नाहीत.

किल्ल्या त्यांच्याकडे कशा आल्या याची कथा सरळ आहे. कोणी वसईला गेलं, कोणी पुण्याला, कोणी त्याहून लांब. जाताना प्रत्येकाने किल्ली जनूभाऊंच्या हातात दिली आणि म्हटलं, तू बघ. इतिहासात सत्ता हडपायला लोकांनी सैन्यं पोसली. जनूभाऊंना ती लोकांनी एस्टी पकडायच्या घाईत दिली. दुसरा कोणी असता तर त्याने पाचही किल्ल्या एका कड्यात ओवल्या असत्या आणि दार उघडून मोकळा झाला असता. जनूभाऊ पाच खिशांत पाच किल्ल्या ठेवतात. त्यासाठी सदऱ्याला दोन जादा खिसे शिवून घेतले आहेत. कोणी घाई केली की त्यांचं ठरलेलं वाक्य असतं: "हे काय एकट्याचं काम हाय?"

"घरात विचारलं, आज भाजी कुठली करू, तर म्हणतात तू बघ," असं मंदावैनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, सांगतात. "एक मत धड देता येत नाय माणसाला. आणि तिकडं फणसाखाली पाच जणांची मतं घेत फिरतात."

खरी रंगत असायची ती दत्तूभाऊंच्या वेळी. दत्तूभाऊ आळीचे अधिकृत विरोधक. जन्मभर त्यांनी प्रत्येक गोष्टीला नाय म्हटलं. लग्नाला टोप द्यायचे? नाय, मागच्या खेपेला झारा परत आला नाय. देवळाला रंग लावायचा? नाय, आधीचा अजून उडाला नाय. जनूभाऊ त्यांची समजूत घालायचे, दत्तूभाऊ ओरडायचे, जनूभाऊ त्याहून वर ओरडायचे. शेवटी दत्तूभाऊ कुलूप उघडायचे आणि दोघं मिळून चहा प्यायचे. दत्तूभाऊ गेल्यावर जनूभाऊंनी त्यांचा विरोध बंद पडू दिला नाही. घराकडून धापा टाकत आलेले दत्तूभाऊ आधी खणखणीत नाय म्हणतात. मग जनूभाऊ बाजू बदलून त्यांची समजूत घालतात. हे बरंच लांबतं. वरपक्षाची माणसं घड्याळं बघतात. मी मात्र ते मन लावून ऐकतो. मेलेल्या विरोधकाची बाजू इतक्या प्रामाणिकपणे मांडणारा सत्ताधारी मी पुस्तकांतही वाचलेला नाही. वादात दत्तूभाऊ अनेकदा वरचढ ठरतात. तेव्हा जनूभाऊ खरंच चिडतात.

मला या राज्याचा अभिमान वाटायचा. अजूनही वाटतो. पण त्याला एक कायदा होता, कुठे न लिहिलेला, आणि तो मला फार उशिरा कळला. आळीचे टोप पाड्यावर जात नाहीत.

पाडा म्हणजे वाड्यांच्या मागे, उंचवट्यावर असलेली वारल्यांची वस्ती. आळीतल्या प्रत्येक पंगतीनंतर टोप घासायला पाड्यावरच्या बायका यायच्या. राख आणि चिंच लावून तांबं आरशासारखं करायच्या. टोप पुन्हा कोठीत जायचे, कुलपं लागायची. पाड्यावर लग्नं व्हायची तेव्हा लोक घरोघरची पातेली जमवून शिजवायचे. यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. थोड्यांच्या राज्याची खूण हीच की त्यात थोड्यांना काही वावगं वाटत नाही.

एकदाच कोणीतरी विचारलं होतं म्हणे. पाड्यावरची लक्ष्मी लग्नाची झाली तेव्हा तिच्या आईने येऊन टोप मागितले होते. पाच घरं जमली आणि दार उघडलं नाही. दत्तूभाऊंनी नाय म्हटलं, असं आळीत सगळे सांगत. जन्मभर नाय म्हणणाऱ्या माणसाबद्दल ते सहज पटण्यासारखं होतं. मी तर वर्गात नकाराधिकार शिकवताना नाव न घेता त्यांचंच उदाहरण द्यायचो. मुलांना ते चांगलं समजायचं.

आता लक्ष्मी स्वतः लग्नाच्या मुलीची आई आहे. आधी बरीच वर्षं जनूभाऊंच्या वाडीत कामाला यायची, आता तारापूरच्या एका कंपनीत पॅकिंगला जाते. कंपनीची बस तिला नाक्यावरून नेते आणि नाक्यावर सोडते. गेल्या चैत्रात ती एका दुपारी सुटल्या सुटल्या तशीच जनूभाऊंच्या ओटीवर आली, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र लटकत होतं. मी तिथे पेपर वाचत बसलो होतो. मंदावैनी तांदूळ निवडत होत्या.

"भाऊ, पोरीचं लगीन ठरलं."

"बेस झालं. सोयरीक कुठली?"

"मासवणची. पोरगा आयटीआय केलेला हाय."

"बेस, बेस."

"टोप पायजेत."

"टोप?" जनूभाऊ हसले. "अगं, या साली कोणी काढलेच नाय ते. घासायला काय देऊ तुला?"

"घासायला नाय. शिजवायला."

मंदावैनींचा हात सुपात थांबला. जनूभाऊंनी पानाची तबकडी जवळ ओढली, पुन्हा लांब सारली.

"मंडपवाला देतो की गे टोप. अॅल्युमिनियमचे. हलके असतात."

"मला हलके नको."

"तसं नाय..."

"माझी आय घासायची हे टोप. तिच्या पाठी मी घासले. चिंच लावून लावून हाताची सालं निघायची. आमचे हात लागलेले चालतात ना तुमाला? मग आमी शिजवलं तर काय होतं त्यांना?"

जनूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी पेपरात पाहिलं. जावयाला मत नाही याचा एवढा आधार मला त्याआधी कधी वाटला नव्हता.

"हे काय एकट्याचं काम हाय?" जनूभाऊ म्हणाले. "पाच घरांना विचारायला लागेल."

"विचारा. मी बसते."

"आत्ता?"

"तुमची सभा काय लांब भरते, भाऊ?"

मंदावैनींना हसू आलं आणि त्यांनी ते सुपात सांडलं. जनूभाऊंना ते आवडलं नाही. "रविवारी ये," ते म्हणाले. "सभा रीतीने होईल."

लक्ष्मी उठली. पायरीवरून वळून म्हणाली, "टॅक्टर सांगून ठेवते."

रविवारपर्यंत जनूभाऊ ओळखू येत नव्हते. नागवेलीला पाणी सोडलं आणि बंद करायला विसरले. दत्तूभाऊंच्या बंद घरापुढे, जिथला केरदिवा अजून लक्ष्मीच करते, जाऊन उभे राहायचे, तुळशीवरची सुकलेली पानं काढायचे, परत यायचे. मी म्हटलं, "भाऊ, पाचही किल्ल्या तुमच्याकडेच आहेत. उघडा आणि द्या. कोण अडवतंय?"

"म्हंजे हुकूमशाही करू?"

"दत्तूभाऊंचं एवढं मनावर घेऊ नका. ते जे म्हणाले ते तेव्हाचं. आज असते तर बदलले असते."

ते माझ्याकडे विचित्र नजरेने बघत राहिले. "तुमी शिकलेली माणसं," एवढंच म्हणाले आणि नळ बंद करायला गेले.

रविवारी कोठीपुढे कधी नव्हती एवढी माणसं जमली. पाड्यावरच्या बायका फणसाच्या सावलीत बसल्या. बाप्ये ट्रॅक्टरपाशी उभे होते. आळीतले उरलेसुरले लोक देवळाच्या कट्ट्यावर. लक्ष्मी कोणाच्यात नव्हती. ती दाराच्या अगदी समोर उभी होती.

जनूभाऊ आले. टोपी इस्त्रीची होती. पण त्या दिवशी त्यांनी पहिल्या कुलपाला हात लावला नाही. मानाचं कुलूप तसंच ठेवून ते सरळ फणसाकडे गेले. रीत मोडली हे माझ्या लगेच लक्षात आलं, आणि मला वाटलं की विसरले.

आबा खोकत आले. "पाऊस नाय ना आज? मग न्या," म्हणाले आणि दुसरं कुलूप निघालं. गुरुजी मान ताठ करून आले. "माझी हरकत नसावी. खरं म्हणजे हे फार आधी व्हायला हवं होतं." तिसरं निघालं. मग काशीवैनी डोक्यावर पंचा घेऊन आली. एरवी या पंच्याला पोरं फिदीफिदी हसतात. त्या दिवशी कोणी हसलं नाही. काशीवैनीने लक्ष्मीकडे निरखून पाहिलं. "पोचे पाडू नको गे," ती म्हणाली. "आमच्याकडचे पडले ते आमच्याच रांडेच्यांनी पाडलेत." चौथं निघालं.

मग जनूभाऊ घराकडे चालू लागले. दत्तूभाऊंची विसरलेली किल्ली आणायला. आम्ही वाट पाहत राहिलो. ट्रॅक्टरवाल्याने इंजीन बंद केलं. आता दत्तूभाऊंचा नकार येणार, खणखणीत येणार, आणि मग समजूत कशी घालायची हा प्रश्न येणार, असं मी मनाशी धरून चाललो होतो. समजुतीचे दोन मुद्दे तर मी जनूभाऊंसाठी तयारही ठेवले होते.

धापा टाकत दत्तूभाऊ आले. कुलपापुढे उभे राहिले. आवाज दत्तूभाऊंचाच होता, फाटका आणि भांडखोर.

"माझं काय विचारतोस? मी मागच्या वेळेलाच उघडलं होतं, जन्या."

आणि पाचवं कुलूप निघालं.

मला काही कळेना. मी मंदावैनींकडे पाहिलं. त्या माझ्या शेजारीच उभ्या होत्या, हलक्या आवाजात बोलल्या.

"खरं हाय ते. हिच्या आयशीने मागितले तवा दत्तूभाऊजींनी आयुष्यात पहिल्यांदा नाय म्हटलं नाय. आले नि सरळ उघडून मोकळे झाले. चार कुलपं उघडी होती त्या दिवशी. ह्यांचं नव्हतं."

"पण सगळे तर म्हणतात..."

"म्हणणारच. कोणीतरी नाय म्हटलं एवढं कळल्यावर लोक दुसऱ्या कोणाचं नाव घेतील? हे सांगायला निघाले होते. दत्तूभाऊजींनी धरून बसवलं. म्हणाले, राहू दे रे, माझं नाव तसंपण तेच हाय."

वर्गात मी ज्या माणसाचं उदाहरण देत होतो तो माझ्यापुढे त्या क्षणी जसा उभा राहिला, तसा तो हयातीतही राहिला नव्हता. जनूभाऊ त्यांचा विरोध इतक्या निगुतीने का जपतात, याचा एक अर्थ मी लावला होता. तो पुरेसा नव्हता.

दाराच्या पट्टीवर आता एकच कुलूप लोंबत होतं. मानाचं, पहिलं. जनूभाऊ त्यापुढे उभे होते. बाकीचे चौघे त्यांना झोपेतही वठवता येत. पाचवा, म्हणजे स्वतः जनूभाऊ, त्यांना जमेना. ते खोकले, पण तो आबांचा खोकला झाला. मान ताठ केली, पण ते गुरुजी दिसले. शेवटी त्यांनी टोपी काढून हातात घेतली. खिशातून किल्ली काढली आणि लक्ष्मीपुढे धरली.

"तू उघड गे."

लक्ष्मीने हात पुढे केला नाही. "मी कशी उघडू? तुमचं कुलूप हाय. तुमीच उघडा."

"तुझ्या आयशीला..." ते थांबले. कट्ट्यावरच्या लोकांना ऐकू जाईल एवढा आवाज त्यांनी मुद्दाम वाढवला. "तुझ्या आयशीला मी नाय म्हणालो होतो. दत्तू नाय. मी."

"ठाव हाय."

"ठाव हाय?"

"आय इथंच बसली होती ना फणसाखाली. बघत होती कुठलं कुलूप राहिलं ते. घरी येऊन सांगितलं मला."

"मग इतकी वर्षं माझ्या वाडीत येत होतीस, बोलली नायस कधी?"

"तुमी बोलला?"

या वेळी जनूभाऊ फणसाकडे वळले नाहीत. आबांना, गुरुजींना, काशीवैनीलाही बोलावलं नाही. त्यांनी किल्ली घातली. कुलूप बरेच दिवस तेल न दिल्यासारखं आधी अडलं. मग निघालं. लोखंडी पट्टी खाली पडली आणि तिचा जो आवाज झाला, त्याने देवळावरची कबुतरं उडाली.

पाड्यावरची माणसं आत शिरली आणि टोप बाहेर येऊ लागले. एकेक टोप चौघांनी धरून, कडेने, दाराला न लावता. बायका उठून उभ्या राहिल्या. एक म्हातारी पुढे झाली, तिने मोठ्या टोपाच्या काठावरून हात फिरवला आणि आत डोकावून पाहिलं. जन्मभर तिने तो बाहेरून आणि आतून घासला असणार. पण शिजवणारी म्हणून ती त्यात पहिल्यांदाच पाहत होती.

टोप चढवून झाल्यावर जनूभाऊंनी वरच्या खिशातून दत्तूभाऊंची किल्ली काढली.

"ही ठेव तू, लक्ष्मे. पाचव्या घराचं मत इथून पुढं तू सांग."

"मी?"

"त्याच्या अंगणाचा केर तू काढतेस. दिवा तू लावतेस. मग घर कोणाचं? नि मला आता कंटाळा आलाय गे. एकट्याने दोन बाजूंनी भांडायचं म्हंजे घसा बसतो. भांडून झाल्यावर चहाला पण कोण नसतं."

लक्ष्मीने किल्ली उलटीसुलटी करून पाहिली. "नि मला नाय म्हणायचं असलं तर?"

"तर म्हण. त्याचसाठी तर देतो."

तिने ती ओळखपत्राच्या फितीत अडकवली. कंपनीच्या कार्डाशेजारी ती लोंबू लागली. ट्रॅक्टर सुरू झाला. जनूभाऊंनी टोपी घातली आणि माझ्याकडे वळून, जणू मीच काहीतरी हरकत घेतली होती अशा थाटात म्हणाले, "सभा रीतीने झाली, मास्तर."

लग्नाला सगळी आळी गेली. न्यावं लागलं नाही, आपसूक गेली. मांडवात लग्न लावणारी धवलेरी गात होती. भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक काढला होता, पांढराशुभ्र. मांडवामागे तीन दगडांच्या मोठ्या चुलीवर आमचा सगळ्यात थोरला टोप चढला होता. आमचा म्हणताना कोणाकोणाचा ते त्या दिवशी मला नीट सांगता आलं नसतं, आणि त्याचं मला बरंच वाटलं. जनूभाऊ पाटावर बसायला तयार नव्हते. पाहुणा म्हणून बोलावलेला हा गृहस्थ चुलीपाशी उभा राहून धूर खात होता, टोपाकडे बघत होता, आणि त्याच्या डोळ्यांना पाणी येत होतं. धुरानेही येतं.

थोड्यांची राज्यं जगात पुष्कळ झाली आणि पुष्कळ बुडाली. बुडवायला बाहेरून लोक यावे लागले, दारं फोडावी लागली, माणसं मेली. आमच्याकडे दार आतल्याच माणसाने उघडलं, आणि तेही सगळ्यांसमोर, स्वतःचं नाव घेऊन. मी हे आता वर्गात सांगतो. छाती थोडी पुढे काढूनच सांगतो. त्या राज्यात मला आजही मत नाही, तरीसुद्धा.

नव्या घटनेखालचा पहिला ठराव त्याच दिवशी, चुलीपाशीच झाला. जाळ कमी करावा असं पाचव्या घराचं, म्हणजे लक्ष्मीचं मत पडलं. वाढवावा असं जनूभाऊंचं. लग्नघाई असल्यामुळे त्या दिवसापुरतं एकमताऐवजी बहुमतावर भागवायचं ठरलं, आणि आबा, गुरुजी व काशीवैनी जनूभाऊंच्या बाजूने गेले.

भात तळाला लागला.